चालकाच्या सीटवरचं वजन

कट्टा,
४ फेब्रुवारी २०२५

जितूदादा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, तोवर राग उतरला तर.

फोन न करता पत्र का लिहितेय ते आधी सांगते. काल मी फोन केला तेव्हा तू तो गॅरेजमध्ये स्पीकरवर टाकलास. मी रडकुंडीला येऊन बोलत होते आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बायमाणूस आणि स्टेरिंग." त्यावर तुम्ही सगळे हसलात. तूही हसलास, तुझं हसणं मला पाठ आहे. कागदाला स्पीकर नसतो. हे एकट्याने बसून वाच.

काल माझी परवान्याची परीक्षा होती. मी नापास झाले. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही गाडी सरळ रेषेत न्यायच्या परीक्षेत. शंभर मीटर सरळ जाऊन थांबायचं, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. गाडी उजव्या पट्ट्यावर चढली. परीक्षा घेणारे साहेब सभ्य होते, त्यांनी पुन्हा संधी दिली. पुन्हा उजव्या पट्ट्यावर. मग त्यांनी कागदावर लिहिलं, "वाहनावर ताबा नाही." त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. चुकलंय ते तुझं.

तू काय काय केलंस ते मला माहीत आहे. बाबा, तुझे भिकाजीमामा, गेल्यावर त्यांची जुनी पद्मिनी गाडी नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. तू ती नेलीस, दीड वर्ष तिच्यावर खपलास. छोट्या गाडीचं ऑटोमॅटिक इंजिन बसवलंस, क्लच काढून टाकलास, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एका दांड्यावर आणून माझ्या डाव्या हाताशी दिलेस. व्हीलचेअरवरून मला सीटवर सरकता यावं म्हणून पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली घेतलीस. आरटीओचे कागदही तूच धावपळ करून आणलेस. यातलं काही विसरलेले नाही. पण दादा, गाडी सरळ जात नाही. ती उजवीकडे खेचते, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर. डावा हात दांड्यावर असतो, तेव्हा तिला धरून ठेवायला माझा एक हात पुरत नाही.

आमचा बाबली रिक्षावाला अकरा वर्षं मला मालवणला शाळेत नेऊन सोडतो. परवाना असलेला माणूस म्हणून तोच माझ्या शेजारी बसतो. मी चालवायला शिकले तर त्याचं रोजचं भाडं जाणार, तरी बसतो. काल परत येताना तो म्हणाला, "बाय, तुमचा काय चुकना नाय. गाडीच वडता."

जूनपासून शाळा सकाळची होणार आहे. त्या वेळी बाबलीची दुसरी फेरी ठरलेली आहे आणि सात वाजता व्हीलचेअरसकट मला नेईल अशी दुसरी रिक्षा इथे नाही. स्वतः जाता आलं नाही तर नोकरी सोडून घरी बसायचं, एवढं सरळ आहे. शिकाऊ परवाना २० मार्चला संपतो. त्याच्या आत एकदा परीक्षा देता येईल. तेव्हाही नापास झाले तर सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून सुरू करायची हिंमत माझ्यात उरणार नाही हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते.

गाडीच्या चाकांचं अलाइनमेंट नीट करून दे. "केलंय" असं सांगू नकोस, नीट करून दे.

किशोरी

नमस्कार राहिला.


कणकवली,
७ फेब्रुवारी २०२५

किशू,

पत्र वाचलं, एकट्यानेच वाचलं. हात ग्रीसने भरलेले असतात म्हणून फोन स्पीकरवर घेतो. हसलो ते चुकलं. पण पुढचं जे लिहिलंस ते मला झोंबलं.

अलाइनमेंट मी घरच्या घरी दोरी लावून केलेलं नाही. हायवेवर दीपेशचं कॉम्प्युटरचं मशीन आहे, त्यावर केलं. त्याच्या मशीनमध्ये पद्मिनीचे आकडेच नव्हते, आणि असते तरी आपल्या गाडीला चालले नसते, कारण पुढचा सगळा भाग मी बदललाय. तीन रात्री जागून मी आकडे काढले आणि मग दीपेशला दिले. चारी चाकांचे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर आले. कागद सोबत जोडला आहे, नीट बघ. लाल काही दिसलं तर मला दाखव.

तुझ्याकडे पोचवायला गाडी मी स्वतः चालवत आणली. कट्ट्याच्या अलीकडे सरळ रस्ता लागतो तिथे मी स्टिअरिंग सोडून दिलं. सुतासारखी सरळ गेली. म्हणजे माझ्या हातात गाडी सरळ जाते आणि तुझ्या हातात वाकडी. यातून काय निघतं ते मी सांगायला नको, गणिताची बाई तू आहेस.

माझं ऐक. नवा माणूस घाबरला की स्टिअरिंगला लोंबकळतो आणि ज्या हाताने धरलंय त्या बाजूला ओढतो. मी गॅरेजमध्ये असे शंभर जण बघितलेत. तू दोन्ही हातांनी धरून बघ. आई म्हणते, "तिका सांग, घाय करू नको." मलाही तसंच वाटतं. काही गोष्टी शरीराला जमत नाहीत, त्याचा दोष गाडीला देऊन काय मिळणार.

रागावू नकोस.

जितू


कट्टा,
१० फेब्रुवारी २०२५

जितूदादा,

दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरते. मग ब्रेक दातांनी ओढू का? ते दांड्याचं काम तुझ्याच हातचं आहे, तूच विसरलास?

तुझा हिरवा कागद मी बघितला. काल रविवारी सकाळी रस्त्याला माणूस नसताना मी आणि बाबली सड्यावरच्या माळावर गेलो. तिथला सरळ रस्ता तुला माहीत आहे. सहा वेळा गाडी नेली. हात सैल, फक्त दोन बोटं स्टिअरिंगला टेकलेली. लोंबकळायचा प्रश्नच नव्हता. सहाच्या सहा वेळा ती उजवीकडे गेली. बाबलीने प्रत्येक वेळी खडूने रस्त्यावर खूण केली. तुझा विश्वास बसत नसेल तर खुणा अजून तिथे असतील, येऊन बघ.

आता जे लिहितेय त्यासाठी हे पत्र आहे. काल घरी आल्यावर पुढच्या लांब सीटचं कव्हर धुवायला काढलं. चालकाच्या बाजूला कव्हराखाली लाल माती मिळाली, जांभ्या दगडाच्या चिऱ्याची. शिवणीत बोटाच्या पेराएवढा दगडाचा तुकडा अडकलेला होता. आतला फोम तिथेच दबलेला आहे. आत्याने मला दिवाळीतच सांगितलं होतं की तू घराभोवती चिऱ्यांचं कंपाउंड घालतोयस.

तू बाबांच्या गाडीतून चिरे वाहिलेस.

ज्या सीटवर बाबा कधी भाजीची पिशवी ठेवू देत नव्हते, जिच्यावर त्यांच्या शेजारी बसून मी दहा वर्षं शाळेत गेले, तिच्यावर तू दगड रचलेस. आणि गाडी त्याच ओझ्याने बसली असणार. ते लपवायला मला हिरवा कागद पाठवलास, आणि वर माझ्या शरीराला काय जमतं आणि काय नाही ते शिकवलंस. हे चोरासारखं वागणं झालं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी एवढी पेटले नसते.

गाडी आता तुझ्याकडे पाठवणार नाही. सावंतवाडीला कोणी मिळतो का बघते.

किशोरी


कणकवली,
१३ फेब्रुवारी २०२५

चोर म्हणालीस. बरं झालं लिहून म्हणालीस, नाहीतर खरं वाटलं नसतं.

कंपाउंडचे चिरे खाणीवरून टेम्पोने आले. पद्मिनीत मी माझ्या गिऱ्हाइकाला बसू दिलं नाही की माझ्या बायकोची पिशवी ठेवू दिली नाही. भिकाजीमामांनी मला पहिला पाना हातात दिला तो त्याच गाडीखाली. हे तुला माहीत नाही?

हो, सीटवर चिरे ठेवले होते. दोन. गाडी दीपेशच्या मशीनवर असताना, सव्वा तास. कशासाठी ते ऐक, आणि मग चोर म्हणायचं तर म्हण.

स्प्रिंग कापलेली गाडी रिकामी ठेवून अलाइनमेंट करायची नाही, असं माझे वस्ताद मला शिकवून गेले. अशा गाडीत माणूस बसला की ती बाजू खाली दबते, चाकाचा कल बदलतो आणि लावलेला आकडा फुकट जातो. म्हणून चालकाच्या जागेवर माणसाएवढं वजन ठेवायचं आणि मग चाकं लावायची. एक चिरा पस्तीस किलोचा. दोन चिरे म्हणजे एक माणूस. आमचा हिशोब पिढ्यानपिढ्या असाच. खाली गोणपाट घातलं होतं, ते फाटकं निघालं असेल.

आज एवढं करतं कोण? दीपेशकडे रोज वीस गाड्या लागतात, कोणी साधा नारळ ठेवत नाही सीटवर. तो मला हसत होता. "जितूशेठ, गाडयेक निवेद दाखयतास काय?" मी त्याचं ऐकून घेतलं. चिरे स्वतः उचलून आत ठेवले, स्वतः काढले, आठ दिवस कंबर धरली होती. तुझ्या गाडीसाठी केलं. त्याचं तू हे असं केलंस.

जा सावंतवाडीला. बघ तिथे कोण करून देतो.

जितेंद्र


कट्टा,
१५ फेब्रुवारी २०२५

जितूदादा,

चिरे वाहिलेस म्हणाले ते मागे घेते. मला माफ कर. हे मी मनापासून लिहितेय आणि यापुढच्या मजकुराशी त्याचा संबंध नाही.

तुझं पत्र वाचून मी बाबलीला घेऊन कट्ट्याच्या बाजारात काजूच्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याच्या काट्यावर दोघांनी मला व्हीलचेअरसकट चढवलं. अठ्ठावन्न किलो. मग मला बाकावर बसवून नुसती खुर्ची तोलली. सतरा. म्हणजे मी एकेचाळीस. बाजारात दहा-बारा माणसं बघत होती, मला काही वाटलं नाही.

एकेचाळीस, दादा. तू ठेवलेस सत्तर.

आता तूच काढलेला हिशोब तुला उलट सांगते. सत्तर किलोला ती बाजू जेवढी दबते तेवढी माझ्या वजनाला दबत नाही. उजवं चाक वेगळ्या कलाने उभं राहतं आणि गाडी उजवीकडे जाते. तू ऐंशी किलोच्या घरातला, म्हणून तुझ्याकडे सुतासारखी सरळ गेली. तुझं मशीन खोटं बोललं नाही. तो कागद अगदी बरोबर आहे. फक्त तो ज्या माणसासाठी बरोबर आहे तो माणूस त्या गाडीत कधी बसणार नाही.

म्हणजे माझा हात चुकत नव्हता. मी घाबरले नव्हते. शरीराला जमत नाही वगैरे जे तू लिहिलंस ते वाचून मी दोन दिवस खरंच तसं धरून चालले होते, ते तुला कधीतरी समजावं म्हणून सांगते. वर्गात फळ्यासमोर जाताना मला वाटलं, हा म्हणतो ते खरं असेल. आयुष्यात इतक्या लोकांनी सांगितलं तेव्हा नाही वाटलं, तू सांगितल्यावर वाटलं.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. मी तासाभराच्या अंतरावर होते. जिवंत होते, फोन हाताशी होता. माझ्या गाडीत माझं वजन हवं होतं आणि तू दगड आणलेस. मला का बोलावलं नाहीस? निदान वजन का विचारलं नाहीस? आणि माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. मी बारा वर्षांची असल्यापासून प्रत्येक लग्नाकार्यात मला उचलून गाडीत ठेवणारा तूच आहेस. माझं वजन माझ्या आईपेक्षा तुला जास्त माहीत आहे.

खरं उत्तर दे. वेळ लागला तरी चालेल, पण २० मार्च थांबणार नाही.

किशोरी


कणकवली,
२५ फेब्रुवारी २०२५

किशू,

दहा दिवस लागले. तीन वेळा लिहून फाडलं. आई विचारते, "काय लिवतस एवढा, अर्ज?" मी काही सांगितलं नाही.

तुझं वजन मला माहीत होतं. पाच-दहा किलो इकडेतिकडे, पण तू सत्तरची नाहीस हे कळायला काटा लागत नाही.

त्या दिवशी गाडी मशीनवर घेताना दीपेशने विचारलं, "चलयता कोण?" मागे चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. सगळे पद्मिनीभोवती जमलेले, फोटो काढत होते. मी म्हणालो, "मीच."

तोंडातून गेलं. नंतर मागे घेता आलं असतं, घेतलं नाही. मग मी चालवणार म्हटल्यावर चाळीस किलोचं वजन कसं ठेवू? आणि ऐंशीचं ठेवलं तर तुला अगदीच वाकडी जाईल. म्हणून दोन चिरे ठेवले. सगळे ठेवतात तसे. मनाला सांगितलं, एवढा फरक पडणार नाही.

आता "मीच" का म्हणालो ते. दीड वर्ष ती गाडी माझ्या गॅरेजमध्ये उभी होती. लांबून लोक बघायला यायचे. दांडा बघून विचारायचे, "ह्या काय?" मी सांगायचो, ही नवीन पद्धत आहे. तुझं नाव एकदाही घेतलं नाही. स्वतःशी म्हणायचो, लोक तुला बिचारी म्हणतील ते मला सहन होणार नाही. तसं नाही ते. माझ्या हातची सगळ्यात चांगली गाडी अपंगांची गाडी म्हणून ओळखली जावी हे मला नको होतं. मला लाज वाटली, किशू. तुझी वाटली. तू खरं सांग म्हणालीस म्हणून लिहितोय.

आणि त्याच तोंडाने मी तुला शरीराचं शिकवलं. माझ्याच हाताने लावलेल्या चाकाचं खापर तुझ्यावर फोडलं. त्या वेळी चिऱ्यांचं वजन मला आठवलं नाही, असंही म्हणत नाही. आठवलं होतं.

आता मी सगळं नीट करतो. मीच येऊन गाडी घेऊन जातो. बरोबर एकेचाळीस किलो ठेवतो, एक चिरा आणि सहा किलो तांदूळ, काट्यावर तोलून. तुला यायची काही गरज नाही. तिथे चढउतार आहे, ऊन आहे, माणसं बघत उभी असतात. उगीच तुला त्रास.

जितू


कट्टा,
२७ फेब्रुवारी २०२५

जितूदादा,

तुझं पत्र आलं तेव्हा दहावीतल्या दोन मुली शंका विचारायला आल्या होत्या. त्यांना परत पाठवलं. परीक्षा डोक्यावर असताना मी आजवर कोणाला असं परत पाठवलं नव्हतं.

खरं लिहिलंस. मी मागितलं आणि तू दिलंस, त्याबद्दल तुला नावं ठेवणार नाही. पण खरं सांगितलं म्हणून माझं दुखणं कमी झालं, असं समजू नकोस. दीड वर्ष मी देवाला हात जोडताना तुझं नाव घेत होते आणि तू माझं नाव गिळत होतास.

आणि एवढं सगळं कबूल करून शेवटी काय सुचवतोस, तर एक चिरा आणि सहा किलो तांदूळ. म्हणजे मी त्या सीटवर तुला अजूनही नकोच आहे. तांदूळ चालतात.

तांदूळ नकोत. मी येते.

सोमवारी, ३ मार्चला, अकरा वाजता दीपेशच्या मशीनवर. गाडी मी चालवत आणीन, बाबली शेजारी असेल. ती उजवीकडे ओढेल, मी वीसच्या वर नेणार नाही, मागचे हॉर्न वाजवतील तर वाजवू देत. मी गाडीतून उतरणार नाही. गाडी वर गेली की मी वर. मला बसवूनच चाकं लागली पाहिजेत. आणि दीपेशने विचारो न विचारो, तिथे जी माणसं असतील त्यांच्यासमोर तू सांगायचंस की ही गाडी कोण चालवतं.

तुला जमत नसेल तर आधी कळव. मग मी दुसरीकडे जाईन आणि यापुढे आपण लग्नाकार्यात भेटू तेवढेच.

किशोरी


कणकवली,
५ मार्च २०२५

किशू,

परवा गाडी मशीनवरून खाली आली आणि तू काच खाली न करता निघून गेलीस. मी हात केला, तू बघितलं नाहीस. रात्री फोन केला, उचलला नाहीस. तुला वाटतंय मी पुन्हा गप्प बसलो. म्हणून हे लिहितोय.

तू आलीस तेव्हा मी खरंच काही बोललो नाही. दीपेशने न विचारता गाडी वर घेतली, कारण बाबली उतरून चहाला गेलेला त्याला दिसला आणि तूही उतरलीस असं त्याला वाटलं. तू पाच फूट वर, काचा बंद, कंप्रेसर सुरू. त्यामुळे खाली काय झालं ते तुला कळलं नाही.

दीपेश मला म्हणाला, "त्यांका खाली उतरवा. माणूस बसवन मी काम करूचंय नाय. काय झाला तर जबाबदारी कोणाची?" मी म्हणालो, "ती उतारची नाय. गाडी तीच चलयता." त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे. "आणि तुमी मागल्या टायमाक मीच म्हणालास तो?" मी म्हणालो, "खोटा बोल्लंय. ती माझी मामेबहीण. तिचे पाय चालनत नाय, म्हणान तो दांडो हा. ही गाडी मी तिच्यासाठीच केलंय."

पाच माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "मगे बसवनच करा, दुसरा काय?" बाकी कोणी काही म्हणालं नाही. मी इतके दिवस ज्याला घाबरलो होतो ते एवढंच होतं.

दीपेशने मशीन लावलं. तू बसलेली असताना उजव्या पुढच्या चाकाचा आकडा लाल आला. तू महिनाभर जे सांगत होतीस ते तिथे पडद्यावर लाल दिसत होतं. दीपेश म्हणाला, "बाई बरोबर सांगी होती." मग चाळीस मिनिटं गाडीखाली वाकून त्याने एकेक चाक लावलं. दोन आकडे येईनात, तेव्हा मी खाली शिरलो आणि पत्र्याच्या चकत्या घातल्या. सगळं हिरवं झालं, तुझ्यासकट.

मी बोललो, किशू. खोटं वाटत असेल तर दीपेशला विचार.

जितू


कणकवली,
तुझ्या घरासमोर, गाडीत बसून,
१८ मार्च २०२५

जितूदादा,

काल परीक्षा झाली. शंभर मीटर गेले, थांबले. दोन बोटं स्टिअरिंगला होती, तेवढी पुरली. तेच साहेब होते. त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं?" मी सांगितलं, "माझ्या जागी दुसरंच कोणीतरी बसलं होतं." त्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी पासचा शिक्का मारला. परवाना पोस्टाने यायचा आहे, मोबाईलवर मात्र आज सकाळी दिसायला लागला.

आज शाळेत रजा टाकली. बाबलीने विचारलं, "वांगडा येव काय?" मी सोबत नको म्हटलं. व्हीलचेअर त्यानेच मागे ठेवून दिली आणि मी वळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा होता. कट्ट्याहून तुझ्या दारापर्यंत एकटी आले. गाडी सरळ येते. काम तुझं आणि दीपेशचं, ते मी कोणापुढेही सांगेन.

दारात हॉर्न दिला. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. "किशू? कोणाबरोबर इलंस गो?" म्हणाली. मी कोणाबरोबर नाही म्हटलं. तिने आधी शेजारच्या सीटवर बघितलं, मग वाकून मागच्या सीटवर बघितलं. मग फाटकाचा खांब धरून तिथेच उभी राहिली आणि रडायला लागली. तू सावंतवाडीला गेलायस, रात्री येशील, असं तिने नंतर सांगितलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. दीपेशला विचारायची गरज नाही, तू बोललास यावर माझा विश्वास आहे. पण मी काचेच्या आत असताना, कंप्रेसर सुरू असताना बोललास. दीपेशला सांगितलंस, पाच गिऱ्हाइकांना सांगितलंस. ज्या एका माणसाची तुला लाज वाटली होती त्याला तू अजून काही सांगितलेलं नाहीस, फक्त लिहिलंयस. लिहिणं किती सोपं असतं ते मला माहीत आहे, मी महिनाभर तेच करतेय.

माझा राग गेलेला नाही. तो घेऊनच आले होते. आणि येताना वाटेत माझ्या लक्षात आलं की आजवर ज्याच्याशी माझं भांडण झालं त्याची मी घरात बसून वाट बघायचे. तो आला तर भांडायचं. नाही आला तर गिळून टाकायचं. असं किती गिळलं असेल ते आता मोजतही नाही. कोणाच्या दारात जाऊन, त्याला बाहेर बोलावून, तोंडावर भांडावं असं मला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही करता आलं नव्हतं. आज पहिल्यांदा आले, तर तू घरी नाहीस.

हे पत्र आत्याकडे देतेय. याचं उत्तर लिहू नकोस.

उद्या शाळा सुटल्यावर सहापर्यंत पुन्हा येते. घरी राहा.

किशोरी